आधी कोण जाणार?

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. पडेगावातल्या आमच्या घरापासून नाशिक रस्ता हाकेच्या अंतरावर आहे. खिडकी उघडी असली की दौलताबादकडून येणाऱ्या ट्रकचे एअर हॉर्न आणि ब्रेकचा फुसकारा थेट घरात येतो. घरात पुतण्या संगणकासमोर बसला होता. ‘एलीट डेंजरस’ नावाचा खेळ त्याने लावला होता आणि त्याचं मालवाहू यान एका अवकाशस्थानकाच्या तोंडाशी उभं होतं. स्थानक स्वतःभोवती संथपणे फिरत होतं. आत जायला एकच आडवी फट. टपालपेटीच्या फटीसारखी दिसते म्हणून खेळणारे तिला ‘मेल स्लॉट’ म्हणतात. आतून एक मोठं यान बाहेर येत होतं. पुतण्याने वेग शून्यावर आणला, यान थोडं उजवीकडे सरकवलं आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिला.

मी विचारलं, “थांबलास का? जागा तर दिसतेय.”

“जागा आहे काका. पण मी कुठून जाणार हे त्याला कुठे माहीत आहे? हिरवा दिवा आपल्या उजव्या हाताला ठेवून जायचं, हे दोघांनी पाळलं तर दोघंही निघतात. हा मधोमध येतोय. म्हणजे एकतर नवा आहे, नाहीतर त्याचं यान मावत नाहीये. काहीही असलं तरी आता आपणच थांबायचं.”

मोठं यान निघून गेलं. पुतण्याने फटीच्या फिरण्याशी आपल्या यानाचं फिरणं जुळवलं आणि तो आत शिरला. त्याच वेळी बाहेर रस्त्यावर कुणीतरी जोरात ब्रेक मारला आणि शिवीगाळ ऐकू आली. त्या रात्रीपासून एक विचार माझ्या मनात घोळतो आहे. धडक टाळण्याचं श्रेय आपण चांगल्या ब्रेकला देतो, चालकाच्या हातसफाईला देतो, पोलिसाच्या शिट्टीला देतो. या सगळ्यांच्या आधी एक गोष्ट घडावी लागते. आधी कोण जाणार आणि कोण थांबणार, हे दोन अनोळखी माणसांना एकाच वेळी, एकसारखं कळावं लागतं. ते वेळेत कळवणं हाच रस्त्यावरचा खरा शिष्टाचार आहे, असं माझं ठाम मत आहे.

या खेळाचा इतिहासच हे सांगतो. मूळचा ‘एलीट’ १९८४ साली डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल या केंब्रिजच्या दोन तरुणांनी बीबीसी मायक्रो या छोट्या संगणकासाठी लिहिला. फिरतं स्थानक आणि त्याची अरुंद वाट तेव्हाही होती, आणि त्या वाटेतून सुखरूप आत जाणं हीच नवख्याची मोठी परीक्षा होती. पण तेव्हा खेळणारा एकटा असे. चूक झाली तर त्याचं यान भिंतीवर आदळायचं आणि विषय तिथेच संपायचा. २०१४ मध्ये ‘एलीट डेंजरस’ आला आणि त्याच फटीसमोर दुसरी जिवंत माणसं येऊन उभी राहिली. भिंत तीच, यान तसंच, पण प्रश्न बदलला. १९८४ चा प्रश्न कौशल्याचा होता, २०१४ चा प्रश्न वागण्याचा झाला. भिंतीच्या मनात काय आहे हे ओळखावं लागत नाही. माणसाच्या मनातलं ओळखावं लागतं.

आमच्याकडे अशी एक फट दगडात बांधलेली आहे. पडेगावहून वेरूळकडे निघालं की मिटमिटा मागे पडतं, शरणापूर मागे पडतं आणि देवगिरी किल्ल्याच्या पायथ्याशी रस्ता तटबंदीतल्या दिल्ली दरवाजातून जातो. हत्तीघोडे आणि बैलगाड्यांच्या काळातला तो दरवाजा. आज त्यातून एसटी जाते, पर्यटकांच्या बस जातात, उसाचे ट्रॅक्टर जातात. मोठं वाहन एका वेळी एकच निघतं. शहरातही पाणचक्कीजवळचा महमूद दरवाजा, बारापुल्ला आणि मकाई दरवाजा आहेतच. बावन्न दरवाजांचं शहर म्हणवून घेणाऱ्या आपल्यासारख्यांना अरुंद वाटेचा अनुभव पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे.

दिल्ली दरवाजापाशी अर्धा तास उभं राहून पाहा. दोन्ही बाजूंनी वाहनं येतात आणि दोन्हीकडचे चालक डिपर देतात. एकाच्या डिपरचा अर्थ असतो, “मी आलोय, तू थांब.” समोरचा समजतो, “तू ये, मी थांबतो.” खूण एक आणि अर्थ दोन. दोघेही आत घुसतात, नाकाला नाक लागतं, मागे रांगा लागतात. त्या क्षणी दोघांपैकी कुणीही उद्धट नसतो. दोघांनीही खूण केलेली असते. चुकते ती खुणेची भाषा. इंग्लंडमध्ये दिवा चमकवला तर बहुतेक वेळा “तुम्ही जा” असं समजतात, आपल्याकडे बहुतेक वेळा “बाजूला हो” असं. दोन्ही अर्थ आपापल्या जागी चालतात. एकाच दरवाजात दोन्ही चालायला लागले की कोंडी ठरलेली.

सौजन्य म्हणजे समोरच्याला वाट देणं, असं आपण मुलांना शिकवतो. एवढंच शिकवलं तर ते अपुरं पडतं. अरुंद बोळात समोरासमोर आलेली दोन भली माणसं आठवा. एक डावीकडे सरकतो, दुसराही त्याच बाजूला सरकतो. मग दोघेही दुसरीकडे, पुन्हा समोरासमोर. दोघांनाही वाट द्यायची आहे, म्हणूनच दोघे अडकतात. बोळात त्याचं हसू होतं. समुद्रात त्याचा अपघात होतो. म्हणून १९७२ च्या आंतरराष्ट्रीय सागरी नियमांनी दोन जहाजांना दोन वेगळ्या भूमिका दिल्या. वाटा एकमेकींना छेदत असतील तर दुसरं जहाज ज्याच्या उजव्या हाताला दिसतं, त्याने वाट द्यायची. दुसऱ्याचं कर्तव्य मात्र विलक्षण आहे: त्याने आपली दिशा आणि वेग कायम ठेवायचा. म्हणजे ज्याला वाट मिळते त्याच्यावरही जबाबदारी आहे. त्याने मध्येच दयाळू व्हायचं नाही, मध्येच घाबरायचं नाही. त्याच्या स्थिरपणावर दुसऱ्याचा हिशेब उभा असतो. वाट देणाऱ्याने जे करायचं ते भरपूर आधी करावं आणि समोरच्याच्या सहज लक्षात येईल इतकं ठळक करावं, असंही हे नियम सांगतात. सुकाणू थोडं थोडं वळवत राहिलं तर समोरच्याला काहीच कळत नाही.

अवकाशात तर हे जास्तच लागू होतं, कारण तिथे रस्ताच नाही. डांबर नाही, दुभाजक नाही, पांढरी रेघ नाही. घर्षण नाही, त्यामुळे आपल्या अर्थाने ब्रेकही नाही. या खेळात उड्डाणाला मदत करणारी यंत्रणा बंद केली की यान मिळालेल्या दिशेने घसरतच राहतं. थांबायचं असेल तर उलट दिशेने जोर लावावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. भरलेलं मोठं मालवाहू यान तर फारच उशिरा थांबतं. लोड भरलेल्या ट्रकच्या चालकाला हे समजावून सांगावं लागत नाही. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं, हा नियम कायद्याच्या पुस्तकात आहेच, पण कन्नडचा घाट चढणाऱ्या चालकांच्या अंगात तो त्याहून खोल मुरलेला आहे. चढावर थांबलेली भरली गाडी पुन्हा हलवणं किती कठीण असतं हे उतरणाऱ्याने स्वतः सोसलेलं असतं. समोरच्याचं ओझं ओळखून आपला निर्णय लवकर घेणं, यातून तो नियम जन्मला.

म्हणून मला वाटतं की रस्ता डांबराने बनत नाही. समोरचा काय करील याची जी खात्री आपल्याला असते, तिच्याने तो बनतो. ती खात्री असेल तर अथांग पोकळीतही रस्ता उमटतो. ती नसेल तर सहापदरी महामार्गही मोकळं रान होतो.

ही गोष्ट खेळापुरती राहिलेली नाही. १० फेब्रुवारी २००९ रोजी सायबेरियावर सुमारे ७८९ किलोमीटर उंचीवर इरिडियम ३३ हा चालू अमेरिकी उपग्रह आणि कॉसमॉस २२५१ हा बंद पडलेला रशियन उपग्रह एकमेकांवर आदळले. त्यातून दोन हजारांहून अधिक मोठे तुकडे उडाले. बंद पडलेला उपग्रह वाट देऊ शकत नव्हता आणि चालू उपग्रहाला कुणी वेळेत सावध केलं नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये युरोपच्या एओलस उपग्रहाला स्पेसएक्सच्या स्टारलिंक ताफ्यातल्या एका उपग्रहापासून दूर सरकावं लागलं. दोन्हीकडे हुशार अभियंते होते, यंत्रंही उत्तम होती. पण धोका वाढल्याचा निरोप तांत्रिक बिघाडामुळे स्टारलिंकच्या माणसांपर्यंत पोचलाच नाही. अब्जावधी खर्चून उभारलेल्या व्यवस्थेला त्या दिवशी साध्या निरोपाची उणीव भासली.

चंद्राभोवतीही तेच. ऑक्टोबर २०२१ मध्ये आपलं चांद्रयान-२ आणि अमेरिकेचं एलआरओ हे दोन्ही परिभ्रमक चंद्राच्या उत्तर ध्रुवाजवळ एकमेकांच्या फार जवळ येणार असं गणितातून दिसलं. इस्रो आणि नासा यांनी मिळून आकडेमोड केली आणि १८ ऑक्टोबरला चांद्रयान-२ ने आपली कक्षा थोडी बदलली. चंद्राभोवती एवढी अफाट पोकळी असूनही दोन पाहुण्यांना आधी कोण जाणार हे ठरवावं लागलं. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये नासा आणि स्पेसएक्स यांनी एक करार केला. नासाच्या यानाशी जवळीक होणार असेल तर स्टारलिंकने सरकायचं आणि नासाने आपल्या जागी राहायचं. दोघांनीही एकाच वेळी सरकून पुन्हा समोरासमोर येऊ नये म्हणून हा करार. बोळातल्या त्या दोन भल्या माणसांची अडचण अशी कागदावर सोडवली गेली.

भाषा एकच असावी तशी आज्ञाही एकाचीच असावी. १ जुलै २००२ रोजी जर्मनीतल्या युबरलिंगेनवर दोन विमानांच्या वाटा एकमेकींना छेदल्या. धडक टाळणाऱ्या यंत्राने एकाला वर जायला सांगितलं, दुसऱ्याला खाली. जमिनीवरच्या नियंत्रकाने मात्र पहिल्यालाही खाली यायला सांगितलं. पहिल्याच्या वैमानिकांनी माणसाचं ऐकलं, दोन्ही विमानं खाली आली आणि ७१ जीव गेले. त्यांत शाळेची मुलं फार होती. यंत्र आणि नियंत्रक यांचं म्हणणं वेगळं पडलं तर यंत्राचंच ऐकायचं, हे त्यानंतर जगभर पक्कं केलं गेलं. आपल्या देशातही १२ नोव्हेंबर १९९६ रोजी चरखी दादरीवर दोन विमानं धडकून ३४९ माणसं गेली, आणि मगच असं यंत्र विमानांना सक्तीचं झालं.

आणि आपलं शहर? २६ एप्रिल १९९३ ही तारीख इथल्या जुन्या माणसांना आठवते. इंडियन एअरलाइन्सचं ४९१ क्रमांकाचं बोइंग ७३७ चिकलठाण्याहून मुंबईसाठी उडालं. धावपट्टीच्या टोकापलीकडे बीडचा रस्ता आणि त्या रस्त्यावरून कापसाच्या गाठी भरलेला ट्रक चाललेला. विमानाचं डावं चाक त्या ट्रकला धडकलं, पुढे विमान विजेच्या तारांत अडकून कोसळलं. ११८ पैकी ५५ माणसं गेली. चौकशीत दोन कारणं पुढे आली. वैमानिकांनी विमानाचं नाक उशिरा आणि चुकीच्या रीतीने उचललं, हे एक. विमानांच्या वेळेत बीड रस्त्यावरची वाहतूक नियंत्रित केली गेली नव्हती, हे दुसरं. दुसरं कारण वाचताना मी दरवेळी थांबतो. विमानाला विमानाचे नियम होते, ट्रकला ट्रकचे. दोघांच्या वाटा जिथे एकमेकींना भेटत होत्या, त्या ठिकाणी आधी कोण जाणार हे सांगणारं कुणी नव्हतं. बहुतेक धडका अशा सांध्यावरच होतात.

कुणी म्हणेल, नियम करा, दंड लावा, सगळे सरळ होतील. खेळाने हेही करून पाहिलं आहे, आणि त्याचा अनुभव आपल्या शहरांनी अभ्यासावा असा आहे. ‘एलीट डेंजरस’मध्ये स्थानकाजवळ सेकंदाला १०० मीटरपेक्षा जास्त वेगाने जाऊन कुणाला धडकलात तर गुन्हा तुमच्या माथी. समोरचं यान नष्ट झालं तर स्थानकाच्या तोफा तुमच्यावरच सुरू होतात. नियम चांगला होता. पण काही वाईट खेळाडूंनी त्यातली फट हेरली. मोडकळीला आलेलं स्वस्त छोटं यान घेऊन ते मेल स्लॉटच्या तोंडाशी दबा धरून बसू लागले. कुणी घाईने येताना दिसलं की मुद्दाम त्याच्या वाटेत शिरायचं. छोटं यान फुटायचं आणि महिनोन्‌महिने मेहनत करून घेतलेलं दुसऱ्याचं मोठं यान तोफांनी राख व्हायचं. ‘इव्ह ऑनलाइन’ या आइसलँडच्या खेळात उलटी चूक झाली. तिथे धडकेने नुकसानच होत नाही, म्हणून धक्के मारणं हाच धंदा बनला. मोठ्या मालवाहू जहाजाला ठोसे देत राहायचं, म्हणजे त्याला पळून जाण्यासाठी लागणारी दिशा आणि वेग मिळत नसे. तेवढ्यात साथीदार लुटायला येत.

दोन्ही उदाहरणांतून मला एकच गोष्ट दिसते. नुसता दंड धूर्ताच्या हातातलं हत्यार होतो आणि धडक फुकट असेल तर धक्काबुक्कीला ऊत येतो. नियम लागतोच. पण लोकांनी त्यामागचा हेतू आपला मानलेला नसेल तर तो नियम फार काळ टिकत नाही. आपल्याकडे राँग साइडने येणारा माणूस कॅमेरा कुठे आहे ते पाहतो. समोरून येणाऱ्याच्या मनात आपण किती गोंधळ उडवला, हा विचार त्याला शिवतही नाही. तो विचार रुजवणं हे पोलिसांच्या आवाक्यापलीकडचं काम आहे. ते घरात आणि शाळेत होतं.

एक आक्षेप रास्त आहे. खेळात कुणी मरत नाही. यान फुटलं तर किमतीच्या थोड्या टक्क्यांत विमा नवं यान देतो. मग तिथल्या सभ्यतेची रस्त्यावरच्या सभ्यतेशी बरोबरी कशी करायची? बरोबरी मी करतच नाही. नाशिक रस्त्यावर पडलेल्या दुचाकीस्वाराला कुठलाही विमा परत आणत नाही. पण जीव पणाला नसतानाही माणसं वागणुकीच्या रीती घडवतात, हे मला मोलाचं वाटतं. याच खेळात ‘फ्युएल रॅट्स’ नावाचा स्वयंसेवकांचा गट आहे. इंधन संपून दूरच्या पोकळीत अडकलेल्या अनोळखी खेळाडूला ते इंधन पोचवतात, कसलाही मोबदला न घेता. भीती नसलेल्या जागीही माणूस दुसऱ्याची वाट मोकळी करायला धावतो, याचा तो पुरावा आहे. शिवाय त्या खेळात एक सोय आहे: माणसांचा त्रास नको असेल तर एकट्याने खेळण्याचा पर्याय निवडता येतो. रस्त्यावर ती सोय नाही. पडेगावच्या चौकात प्रत्येकाला सर्वांसोबतच जावं लागतं, म्हणून तिथे रीतीची गरज कितीतरी पटींनी जास्त आहे.

ही रीत आपल्याला परकी आहे असं मात्र कुणी म्हणू नये. श्रावणातल्या शुक्रवारी रात्री आमच्या दारावरून माणसांचा पूर वाहतो. शहरातून निघालेले हजारो लोक खुलताबादच्या भद्रा मारुतीला पायी जातात. शनिवारी पहाटे दर्शन घ्यायचं असतं. अवजड वाहनं दुसरीकडे वळवलेली असतात. तरुण पोरं झपाझप पुढे जातात, म्हातारी माणसं कडेने चालतात, कडेवर लेकरू घेतलेल्या बाईला मागचा आपसूक वाट देतो. “बाजूनं, माउली” एवढं म्हटलं की माणूस सरकतो. मी कितीतरी वर्षं ओसरीवर बसून ही गर्दी पाहिली आहे. थांबायचं असलं की माणूस आधी कडेला येतो, मग थांबतो. मधोमध कुणी अचानक उभं राहत नाही. हे त्यांना कुणी शिकवलं? मागे माणूस आहे याची जाणीव प्रत्येकाला सतत असते, एवढंच त्याचं उत्तर आहे. तीच माणसं सोमवारी गाडीत बसतात, काचा वर करतात आणि ती जाणीव कुठे जाते कळत नाही. पायी चालताना आपण एकमेकांचे चेहरे पाहतो. गाडीत दिसतो तो फक्त दिव्यांचा झोत.

म्हणून माझी मागणी साधी आहे. लायसन्सच्या परीक्षेत इंग्रजी आठ काढून दाखवण्याइतकंच महत्त्व आपला इरादा दाखवण्याला द्या. वळण्याच्या किती आधी इंडिकेटर दिला, अरुंद जागी कुठे थांबला, वाट मिळाल्यावर सरळ गेला की घुटमळला, हे तपासा. दिल्ली दरवाजासारख्या प्रत्येक फटीवर दोन्ही बाजूंना मोठ्या अक्षरांत फलक लावा: या बाजूने आधी, त्या बाजूने थांबा. डिपरचा एकच अर्थ ठरवा आणि शाळेच्या पोरांनाही तो पाठ करू द्या. यासाठी पूल बांधायला नकोत, रस्ता रुंद करायला नको. जिथे दरवाजा पाडायची भाषा होते, तिथे दरवाजाही वाचेल.

गेल्या पावसाळ्यात पुतण्या आणि मी खुलताबादहून परतत होतो. गाडी तो चालवत होता. दिल्ली दरवाजा दिसताच त्याने बऱ्याच आधी वेग कमी केला, गाडी पूर्ण डाव्या कडेला घेतली, दिवे मंद केले आणि थांबला. पलीकडून एसटी येत होती. त्याने डिपर दिला नाही, हॉर्न वाजवला नाही. आमची गाडी कुठे उभी आहे आणि ती हलणार नाही, हे एसटीच्या चालकाला लांबूनच दिसलं असणार, कारण तो जराही न घुटमळता कमानीतून सरळ बाहेर आला. जाता जाता त्याने स्टिअरिंगवरचा हात वर केला. पुतण्याने आपला हात वर केला. मग आम्ही निघालो.